खोडलेले तीनशे छप्पन्न

भाकरी मोडता मोडता अप्पा थांबले आणि म्हणाले, "फिजिक्स शिकून काय होतंय?"

प्रश्न साधा होता. मी पाऊण तास बोलले. अणू झाला, आकाशगंगा झाली, प्रकाशाला पोचायला किती वेळ लागतो तेही सांगून झालं. शेवटी अप्पा अव्वाकडं, म्हणजे माझ्या आईकडं, वळून म्हणाले, "हिला ताप हाय का बग."

अप्पा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यांतले खांब चढण्या-उतरण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन सोलापुरात घर बांधलं, तेव्हा जिनासुद्धा असा उभा ठेवला की पाहुणे चहा खालीच मागतात. त्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे जो खांबाखाली सावलीत उभा राहतो आणि वर बघून "अजून जरा डावीकडं" म्हणतो, तो. आपल्या पोरीनं एकदा तरी सावलीत उभं राहावं एवढीच त्यांची इच्छा. त्यामुळं मी टेलिकम्युनिकेशनची इंजिनिअर होणार, हे मी रांगत होते तेव्हाच ठरलं होतं.

मला फिजिक्स आवडायचं, कारण ते कुणाचं ऐकत नाही. दगड वर फेकला की तो खालीच येणार, मग फेकणारा कलेक्टर असो नाहीतर माझी आत्या असो. या स्वभावाची आमच्या घरात एकटी मीच होते, मला सोबत हवी होती.

पुढं कळलं की आता दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. इंजिनिअरिंग रोजचं कॉलेज करून, फिजिक्स घरबसल्या अभ्यासाचं आणि रविवारी प्रॅक्टिकल. मी तो नियम छापून आणून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. अव्वा म्हणाली, "दोन घरचा पाहुणा उपाशी." अप्पांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, उलटा करून मागं काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"कर की," ते म्हणाले. "पन एक सांगून ठेवतो. दोनीपैकी कुटंबी नापास झालीस, तर फिजिक्स बंद. इंजिनिअरिंग बंद न्हाय. फिजिक्स बंद."

म्हणजे गाय चुकली तरी मार वासराला. पण मी लगेच हो म्हटलं, कारण नापास व्हायची मला सवय नव्हती आणि अक्कल तर त्याहून नव्हती.

सोमवार ते शनिवार शहराबाहेरच्या माळावर इंजिनिअरिंग, रविवारी गावातल्या एका जुन्या सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत फिजिक्स. रविवारच्या बॅचमध्ये मी सगळ्यांत लहान. बाकी सगळी नोकरी-संसारातली माणसं. त्यांतल्या दोघांशी माझं गूळपीठ जमलं. एक कुर्डुवाडीचे काका, रेल्वेच्या वर्कशॉपातले, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेले. ऐन शेवटच्या वर्षाला रेल्वेत चिकटले म्हणून त्यांची पदवी राहिली होती, ती त्यांना घरात फ्रेम करून लावायची होती. भिंत ठरली होती, खिळासुद्धा मारून झाला होता. दुसऱ्या बार्शीच्या बाई, शाळेत शिकवायच्या. पदवी मिळाली तर त्यांना वरच्या वर्गांना विज्ञान मिळणार होतं.

आता त्या प्रयोगशाळेचा रिवाज सांगते. तिथं एक जुनं जर्नल होतं. कुणाचं ते माहीत नाही, पहिलं पान फाटलेलं. प्रत्येक बॅच त्यावरून आपलं जर्नल उतरवायची. पूर्वी झेरॉक्स निघायची, आमच्या वेळेला फोनवर फोटो फिरायचे. त्या जर्नलात प्रत्येक प्रयोगाचं उत्तर होतं, आणि प्रयोग करून वेगळं काही आलं तर चूक आपलीच समजायची. जर्नल कसं चुकेल?

या कामात मी लवकरच गुरू झाले. माझी रीत उलटी होती. उत्तर आधी घ्यायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं मागून बेतायची. अगदी तंतोतंत बेतली तर संशय येतो, म्हणून थोडी चूक टाकायची. चूक मिठासारखी असते, नसली तर अळणी, जास्त झाली तर तोंड वाकडं. काकांना आणि बाईंना मी वर्षभर रीडिंगं करून दिली. काका प्रामाणिक माणूस, ते पहिल्यांदा नळ्या-भिंगं मांडायला जायचे. मी म्हणायचे, "काका, गाडी चुकेल तुमची. हे घ्या आकडे." गाडी म्हटलं की रेल्वेचा माणूस हलतोच. बदल्यात कुर्डुवाडीचे पेरू यायचे.

इंजिनिअरिंगमध्ये मात्र मी सत्यवादी होते, निदान दुसऱ्यांच्या बाबतीत. आमच्या एका पुस्तकात रेडिओ-मोबाइलच्या सर्किटमधली खरखर किती ते काढायचं गणित होतं. त्यात खोलीचं तापमान धरलं होतं सतरा अंश. मी वर्गात उभी राहून विचारलं, "सर, ही खोली कुठं आहे? आपण सगळे तिथंच राहायला जाऊ." वर्ग हसला, सरही हसले, आणि म्हणाले, ते जगभर ठरवून घेतलेलं आहे, बस खाली. आठवडाभर मी तो विनोद कँटीनमध्ये पुरवून पुरवून खाल्ला.

मग मे महिना आला. दोन्हीकडचे लेखी पेपर बरे गेले. इंजिनिअरिंगची तोंडी परीक्षा एका शनिवारी दुपारी बाराला होती. फिजिक्सचं प्रॅक्टिकल पुढं पुढं ढकलत नेमकं त्याच शनिवारी आलं, सकाळी साडेआठला. दोन डगरींवर पाय म्हणतात ते हेच. मी हिशेब केला. साडेनऊपर्यंत प्रयोग उरकायचा, साडेदहाला प्रयोगशाळा सोडायची, रिक्षानं माळ गाठायचा. तोंडी चुकली तर तिथं नापास, आणि तिथं नापास म्हणजे इथलं फिजिक्स बंद. घरून निघताना अप्पांनी आठवणही करून दिली. बोलून नाही, नुसतं घड्याळाकडं बघून.

प्रयोग चिठ्ठी काढून मिळतो. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी स्टीलच्या ताटलीत चिठ्ठ्या आणल्या. मला आली ध्वनीच्या वेगाची. काकांना तीच, बाईंनाही तीच. एकच टेबल, तिघं आळीपाळीनं. मी मनातल्या मनात ताटलीला हात जोडले, कारण हा प्रयोग सोपा. एक उंच काचेची नळी, तिच्यात पाणी. वर ट्यूनिंग फोर्क वाजवून धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका जागी नळी एकदम घुमायला लागते. आणखी खाली गेलं की पुन्हा एकदा घुमते. या दोन जागांमधलं अंतर मोजलं की आवाज हवेतून किती वेगानं जातो ते काढता येतं. जर्नलातलं उत्तर सेकंदाला तीनशे चाळीस मीटर. ते मला झोपेतही पाठ होतं.

परीक्षा म्हणून मी खरंच मोजलं. अंतर आलं चौतीस पूर्णांक आठ सेंटीमीटर, वेग आला तीनशे छप्पन्न. भलतंच. परत मोजलं, परत तीनशे छप्पन्न. मला वाटलं पट्टी झिजली असेल, या कॉलेजात काय झिजलेलं नव्हतं? घड्याळात नऊ वाजून गेले होते. मी तीनशे छप्पन्नवर एक रेघ मारली. गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची, हा लॅबचा नियम. खाली बेताचे आकडे लिहून तीनशे चाळीस आणले. काकांना चिठ्ठीवर तीनशे एकोणचाळीस येतील असे आकडे लिहून दिले, बाईंना तीनशे एक्केचाळीसचे. तिघांचं सारखं आलं तर बरं दिसत नाही. कागदाच्या डोक्यावर खोलीचं तापमान लिहायचं असतं, ते आम्ही तिघांनीही भिंतीवरचं थर्मामीटर बघून प्रामाणिकपणं लिहिलं. एक्केचाळीस.

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या होत्या. मानेवर ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली, आणि पंख्याखालून हलायची तयारी नाही. आमच्या टेबलापाशी दहाला आल्या. माझा कागद त्यांनी वरपासून वाचला.

"तापमान एक्केचाळीस?"

"हो मॅडम. भिंतीवर आहे."

"आणि वेग तीनशे चाळीस."

"हो मॅडम. बरोबर उत्तर आलं."

"बरोबर उत्तर," त्या म्हणाल्या आणि रुमाल उलटा करून मानेवर ठेवला. "हवा तापली की आवाज जास्त वेगानं जातो, हे तुला माहीत असेलच. तीनशे चाळीस हा चौदा-पंधरा अंशातला वेग आहे. मला सकाळपासून घामाच्या धारा लागल्यात, आणि तुझ्या नळीत हिवाळा चालू आहे?"

माहीत होतं. सूत्रसुद्धा पाठ होतं. फाटक्या पानाचं ते जर्नल कुणीतरी कुठल्यातरी थंडीत लिहिलं असणार आणि आम्ही सगळे ते मे महिन्यात उतरवत होतो. सतरा अंशांच्या खोलीला आठवडाभर हसलेली मी, स्वतः त्याहून थंड खोलीत जाऊन बसले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला दुर्बिणीशिवाय दिसलं होतं, माझं मुसळ एका थर्मामीटरनं दाखवलं.

मॅडमनी खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय होतं?"

"ते चुकलं होतं."

त्यांनी समासात पेन्सिलीनं गणित केलं. उत्तर तीनशे छप्पन्न. "हे बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "हातानं नीट मोजलंस आणि डोक्यानं खोडलंस. खोडलेल्याचे मार्क देते तुला, पास होशील. जा."

साडेदहा वाजत होते. अगदी हिशेबातली वेळ. मी दप्तर उचललं आणि दाराकडं निघाले. मागून मॅडमचा आवाज आला, "आणि तुमचं दोघांचं खोडलेलं कुठं आहे?"

काकांचं काही खोडलेलं नव्हतं. बाईंचंही नव्हतं. त्यांनी मोजलंच नव्हतं, माझी चिठ्ठी होती ना.

"हे आकडे कुणी जुळवून दिले?"

बाई खाली बघायला लागल्या, त्यांचे डोळे भरले होते. काका उभे राहिले, हात मागं बांधले आणि म्हणाले, "म्या दिले मॅडम. दोगींनाबी. वयानं मोठा म्हून ऐकल्या बिचाऱ्या."

मला लाज वाटली. तशी मला सहजासहजी वाटत नाही, शाळेत तर माझ्या प्रगतिपुस्तकात तसा शेरा होता. पण त्या माणसाच्या घरी भिंतीवर खिळा मारलेला होता, आणि तो माझं पाप स्वतःच्या नावावर लिहून घेत होता. दार दोन पावलांवर होतं. मी परत आले.

"मॅडम, काका खोटं बोलतायत," मी म्हटलं. "त्यांना खोटे आकडे करतासुद्धा येत नाहीत. वर्षभर मीच करून दिलेत."

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. "या दोघांनी माझ्यासमोर परत मोजायचं," त्या म्हणाल्या. "पाणी खालीवर करायला एक माणूस लागेल. तू जाऊ शकतेस, तुझे मार्क मी बदलत नाही."

मी घड्याळ बघितलं, आणि अप्पा आठवले. मामा दुसऱ्या टेबलावर अडकले होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि पाण्याचं भांडं हातात घेतलं.

"तोंड उघडायचं नाही," मॅडम म्हणाल्या. हे मला आयुष्यात सगळ्यांनीच सांगितलंय, पण पाळलं त्याच दिवशी.

त्यांनी काकांना विचारलं, "नळी घुमते म्हणजे काय होतं?" मला वाटलं, संपलं. काकांनी जरा विचार केला. "पुलावरून गाडी ठराविक चालीनं गेली की पूल जास्त हलतोय मॅडम. म्हून तितं चाल बदलायला सांगत्यात. तसंच असंल हितं. हवेला आपली चाल गावली की ती हलती." मॅडमनी फोर्क त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो रबरावर मारून नळीवर धरला आणि डोळे मिटले. मी पाणी खाली नेत होते. "थांब," काका म्हणाले. सोळा पूर्णांक चार. पुन्हा खाली. "थांब." एक्कावन्न पूर्णांक दोन. मॅडमनी तीनदा करायला लावलं, तीनही वेळा काका केसभर हलले नाहीत. वेग तीनशे छप्पन्न.

"कान कुठं कमावलात?" मॅडमनी विचारलं.

"वर्कशॉपात. चाकावर हातोडी हानायची आन् ऐकायचं. तडा असला की चाक येगळं बोलतंय."

ज्या माणसाचे कान आख्ख्या जिल्ह्यात पक्के, त्याला मी वर्षभर खोटे आकडे पुरवत होते, आणि वर त्याचे पेरू खात होते.

बाईंना वेळ लागला. त्या घाबरल्या होत्या. प्रत्येक आकडा फळ्यावर लिहिल्यासारखा वळणदार लिहायच्या, मग दुरून बघायच्या. त्यांचं उत्तर तीनशे चोपन्न आलं. त्या रडवेल्या झाल्या, पण मॅडम पहिल्यांदा हसल्या. "ही खरी चूक आहे," त्या म्हणाल्या. "अशीच असते. राहू द्या." दोघंही सुटले. घड्याळात दीड वाजला होता.

काकांनी बाहेर येऊन मला रिक्षा करून दिली. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. माळावर पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते, परीक्षक निघून गेले होते, आणि यादीत माझ्या नंबरापुढं लाल शाईत गैरहजर लिहिलेलं होतं. सर म्हणाले, आता पुढच्या परीक्षेला. कागदावर मी नापास झाले होते.

परतीच्या वाटेवर मी अप्पांसाठी तीन थापा तयार केल्या. पहिली ऊन लागल्याची, दुसरी रिक्षा बंद पडल्याची, तिसरी यादीत चुकून लाल शाई लागल्याची. तिन्हींत मीठ अगदी बेताचं होतं.

अप्पा गच्चीवर होते. उन्हाळ्यात तार सैल पडते, म्हणून वाळत घालायची तार ओढून बांधायला स्टुलावर चढले होते. हातात त्यांची खात्यातली जुनी पक्कड.

"झाली का तोंडी?"

मी रिक्षाची थाप द्यायला तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं. खोटं बोलायचा मला त्या दिवशी मनापासून कंटाळा आला होता. नळी सांगितली, थर्मामीटर सांगितलं, काका सांगितले, लाल शाई सांगितली. अप्पा तारेला पीळ देत ऐकत होते.

"आदी खरं लिवलंवतंस?"

"व्हय."

"आन् मग खोडलंस?"

"व्हय."

"आन् ते म्हातारं तुज्यापायी खोटं बोललं?"

"व्हय. अप्पा, तुमची अट माझ्या ध्यानात हाय. फिजिक्स बंद करते मी," मी म्हटलं, आणि तिथंच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून रडले. इंजिनिअरिंगसाठी नव्हते रडत. काकांनी डोळे मिटून नळी ऐकली होती ते आता मला रविवारी कधी बघायला मिळणार नव्हतं, आणि ते मला तेव्हाच कुठं आवडायला लागलं होतं.

खालून अव्वा ओरडली, "सुम्म रडू नगंस गं, उनात डोकं दुकंल." सुम्म म्हणजे उगीच. आमच्या घरात कानडी प्रेमासाठी राखून ठेवलेली असते.

अप्पा स्टुलावरून उतरले. "फिजिक्सात पास हायस न्हवं?"

"व्हय."

"तुटली ती इंजिनिअरिंगची तार."

"व्हय."

"तीस वर्सं खांबावर काढली म्या," अप्पा म्हणाले. "तुटल्याली तार जोडायला चढायचो. एक तुटली म्हून शेजारची चालू तार काप, असं कुण्या सायबानं कदी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर त्यालाच वर चढवला असता. तुटल्याली जोडून ये. चालू हाय ती चालू ऱ्हाऊ दे."

मी डोळे पुसले. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं. तारेचं दुसरं टोक अजून सैल होतं. मी चढले. अप्पा पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि वर बघून म्हणाले, "अजून जरा डावीकडं."